भाऊसाहेबांसह अमरावती : गाडीतला इन्व्हर्टर आणि समृद्धीवरची शांतता

अप्पा अमरावतीला यायला तयार झाले, तेव्हा मला आधी वाटलं की फोनवर मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. मुक्काम नारायण पेठ, निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या लेखी पुणे खराडीच्या अलीकडेच संपतं. मी आणि सुमेध, म्हणजे माझा नवरा, खराडीत राहतो आणि तिथेच नोकरी करतो. याला अप्पा 'परगावी असतात' म्हणतात. माझं माहेर अमरावती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अप्पांनी माझ्या माहेरचा उंबरा ओलांडलेला नव्हता. कधी गुडघा, कधी ऊन, कधी 'एवढं लांब काय बघायचंय?' आईने हे मनाला लावून घेतलं होतं. आता बाबांनी नवीन घर बांधलं होतं, वास्तुशांत होती. या वेळीही अप्पा आले नसते, तर आईने पुन्हा बोलावलं नसतं.

"येतो," अप्पा म्हणाले. "पण भाऊसाहेब बरोबर येतील."

भाऊसाहेब हा अप्पांचा गोल्डफिश. तळहाताएवढा, नारिंगी, चेहऱ्यावर कायम तक्रार. अप्पा माणसांना अरे-तुरे करतात, पण माशाला अहो-जाहो. सासूबाई तेव्हा नणंदेकडे बंगळूरला होत्या आणि शेजाऱ्यांवर अप्पांचा विश्वास नाही. "ते पोहे टाकतील," असं त्यांचं म्हणणं.

"आणि हे बघ," अप्पा पुढे म्हणाले, "तासा-तासाने गाडी थांबवावी लागेल. हलण्याने त्यांना त्रास होतो."

मी सगळं कबूल केलं. आईसाठी मी मगरसुद्धा नेली असती.

आता बादलीतल्या माशाला हवा हवी, हवेला पंप हवा, पंपाला वीज हवी. माशांच्या दुकानदाराने सेलवर चालणारा छोटा पंप पुढे केला. चहा-भजीच्या खर्चात आला असता. सुमेधने तो हातातही घेतला नाही. "सेल संपले तर? बॅकअप प्लॅन काय?" सुमेध सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. सोपं उत्तर दिसलं की त्याला अपमान झाल्यासारखं वाटतं. त्याने ऑनलाइन कार इन्व्हर्टर मागवला. गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये खुपसायचा, की घरातल्यासारखा प्लग लावता येतो. वर लिहिलेलं, १५० वॉट.

सोबत एक माहितीपत्रक होतं. ते सुमेधने कचऱ्यात टाकलं आणि मी काढून वाचलं. तुम्हीही असं काही नेणार असाल, तर वाचून घ्या. गाडी आधी सुरू करायची, इन्व्हर्टर नंतर. बंद करताना उलट. इंजिन बंद असताना तो चालू ठेवला, तर बॅटरी उतरते. म्हणून इंजिन चालू ठेवून बंद पार्किंगमध्ये बसायचं, हा त्यावरचा उपाय नव्हे. धुराने जीव जातो. जे जे लावाल, त्यांच्या वॉटची बेरीज करायची आणि ती इन्व्हर्टरच्या आकड्याच्या बरीच खाली ठेवायची. पाणी तापवणारं, केस वाळवणारं काहीही लावायचं नाही. वर कापड टाकायचं नाही. पाण्यापासून लांब ठेवायचा.

म्हणून बादली माझ्या सीटमागे खाली ठेवली, अर्धी भरून, वर भोकं पाडलेलं झाकण. इन्व्हर्टर पुढे, आणि पंपाची नुसती हवेची नळी मागे सोडली. ही रचना माझी. सुमेध तिला 'आपलं डिझाइन' म्हणत होता.

पहाटे खराडीहून निघून नारायण पेठेत गेलो, अप्पांना घेतलं आणि पुन्हा खराडीवरूनच नगर रस्त्याला लागलो. तोवर उजाडलं होतं, आणि वाघोलीत तर ऊन चढलं. पुण्यातून बाहेर पडणं हा वेगळा प्रवास धरा आणि त्याचा डबा वेगळा घ्या. पंप मात्र छान चालला होता. जरा गुरगुरत होता, पण चालला होता. ती गुरगुर ऐकवेना म्हणून अप्पांनी इन्व्हर्टरवर आपली शाल टाकली. ती मी काढली.

"गरम होतो तो, अप्पा."

"मग त्याला पंखा लावा, पण ती गुरगुर थांबवा," अप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शिक्रापूरला थांबलो. अप्पांनी बादलीत डोकावलं, "ठीक आहेत," म्हणाले आणि हॉटेलच्या मागे चक्कर मारून आले. सुप्याला तेच. नगरला मिसळ खाल्ली. पुण्याबाहेरची मिसळ म्हणून अप्पांनी ती संशयाने चाखली, पूर्ण संपवली आणि "पोट भरलं," एवढाच अभिप्राय दिला. मग पुन्हा भाऊसाहेब, पुन्हा चक्कर. घोडेगावला, नेवाशाला, संभाजीनगरच्या अलीकडे.

"माशाला एवढे ब्रेक लागतात?" सुमेध वैतागला. "माझ्या टीमला मी एवढे देत नाही."

"म्हणूनच सोडून जातात," अप्पा म्हणाले.

संभाजीनगरनंतर समृद्धी महामार्गावर चढलो. रस्ता सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण टाकी आणि पोट दोन्ही भरूनच चढा. मध्ये कुठे थांबायचं नाही, दोन्हीकडे कुंपण, आणि पेट्रोलपंप येईल तेव्हा येईल. एरवी प्रत्येक पाटीवरचं शुद्धलेखन तपासणारे अप्पा एकदम गप्प झाले.

सुमेध पुढे लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये होता. लॅपटॉप आणि पंप मिळून इन्व्हर्टरला जड नव्हते. मीटिंग संपली आणि त्याने पिशवीतून प्रवासी किटली काढली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"कॉफी. हायवेवर, चालत्या गाडीत. फोटो काढ."

"किती वॉटची आहे?"

"सहाशे. पण दोनच मिनिटं लावणार."

"अरे, दोन मिनिटंसुद्धा ती सहाशेच खाणार ना!"

मी गाडी चालवत होते, त्याचा हात धरू शकत नव्हते. त्याने किटली लावली. इन्व्हर्टर पीं-पीं करून बंद पडला. आता कुणीही शहाणा थांबला असता. सुमेधने तो बंद-चालू केला, कारण ऑफिसात सगळं तेवढ्यानेच दुरुस्त होतं, आणि किटली पुन्हा लावली. टक् असा बारीक आवाज झाला. सॉकेट मेलं. फ्यूज उडाला होता. पंपाची गुरगुर थांबली आणि गाडीत शांतता पसरली.

थोड्या वेळाने मागून अप्पांचा आवाज आला. "ते वर येऊन तोंड उघडतायत."

पुढचा पेट्रोलपंप अजून लांब होता. सुमेधने फोनवर शोधलं. रेंज होती तेवढ्यात एक उपाय सापडला. पाणी मगाने उचलायचं आणि उंचावरून पुन्हा बादलीत ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते.

"अप्पा, पायाशी मग आहे, तो घ्या," मी म्हणाले, "आणि वरून धार धरा. सारखी."

"मी नाही ओतणार."

मी आरशात बघितलं. अप्पांनी डोळे मिटले होते, चेहरा पिवळा पडला होता, आणि एका हाताने त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली होती.

"अहो अप्पा, मरेल तो!" सुमेध ओरडला.

"मग तू ओत," अप्पा दातांमधून म्हणाले. "आणि शक्यतो आवाज न करता ओत."

शेवटी सुमेध पट्ट्यासकट उलटा वळला आणि दोन सीटमधल्या फटीतून हात घालून ओतत राहिला. बादलीत धार पडत होती, खळ-खळ-खळ. प्रत्येक धारेला अप्पा आणखी आक्रसत होते. मला वाटलं, भाऊसाहेबांची तडफड त्यांना बघवत नाही. मासा गेला असता, तर अप्पा तिथूनच परत फिरले असते, आणि आईने दारात काढलेली रांगोळी मला दिसायला लागली.

पेट्रोलपंप आला. मी गाडी नीट उभीही केली नव्हती, तोच अप्पांनी दार उघडलं. बादलीकडे त्यांनी बघितलंही नाही. गुडघेदुखीचा तो माणूस जवळजवळ पळत स्वच्छतागृहाकडे गेला.

आणि मला शिक्रापूर, सुपे, नगर, नेवासे सगळं एका झटक्यात कळलं. सगळ्या वर्षांचे गुडघे आणि उन्हाळेही कळले.

मी फ्यूजचा डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो आणि बहुतेक गाड्यांत जादा फ्यूज तिथेच खोचलेले असतात. जेवढ्या अँपिअरचा उडाला, तेवढ्याचाच घालायचा, त्याहून मोठा नाही. तो बदलला, गाडी सुरू केली, मग इन्व्हर्टर लावला, आणि पंप पुन्हा गुरगुरला. भाऊसाहेब खाली गेले, पूर्वीच्याच तक्रारखोर चेहऱ्याने. किटली मी सुमेधकडून काढून घेतली.

अप्पा हात धुऊन आले. सुमेध कॉफी आणायला गेला होता.

"बरं वाटतंय का आता?" मी विचारलं.

"बरे दिसतायत. पोहतायत."

"मी भाऊसाहेबांबद्दल नाही विचारलं, अप्पा."

ते बराच वेळ रुमालाने हात पुसत राहिले. "सुमेधला सांगू नकोस. तो त्याचंही ॲप काढेल."

"नाही सांगत. पण आईला वाटतं, तुम्हाला आमचं घर कमी वाटतं."

"असं वाटतं त्यांना?" अप्पा खरोखर दचकले. "अगं, मला रस्ता जास्त वाटत होता."

अमरावतीला अंधार पडताना पोचलो. बाबा फाटकापाशीच उभे होते. "या जी या! लय वाट पाह्यली तुमची." बादली बघून त्यांनी काही विचारलं नाही. उचलून सरळ अंगणातल्या नव्या सिमेंटच्या टाक्याकडे नेली. आईने वांग्याची भाजी आणि पाटवड्यांचा रस्सा केला होता. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी तिखटावर ढकललं आणि भाकरी पुन्हा मागून घेतली. आई त्यानंतर रात्रभर गुणगुणत होती.

निघायच्या दिवशी अप्पा टाक्यापाशी उभे राहिले. "यांना इथलं पाणी मानवलंय. राहू देत," ते म्हणाले.

"राहू द्या की, बाप्पा. पाहाले येत जा," बाबा म्हणाले.

परतीला मासा नव्हता, म्हणून मीच जाहीर केलं की मला सारखे पाय मोकळे करावे लागतात. "तू आधी अशी नव्हतीस," सुमेध म्हणाला. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. प्रत्येक थांब्यावर माझ्याआधी तेच उतरत.

घरी आल्यावर सुमेधने इन्व्हर्टरला पाच तारे दिले आणि 'रिअल वर्ल्डमध्ये टेस्ट केलेला' असं लिहिलं. नारायण पेठेत कुणीतरी अप्पांना विचारलं, कशी आहे अमरावती? "रस्ते रुंद आहेत," अप्पा म्हणाले. पेठेत एवढ्या कौतुकावर माणसाचा सत्कार होतो.

माझ्याकडे काय उरलं, याचा विचार मी आठवडाभर करत होते. एवढी वर्षं ज्याला मी सासऱ्यांचा ताठा समजले, ती एका म्हाताऱ्या माणसाची साधी अडचण निघाली. अप्पा, आई आणि मी अशा तिघांनी मिळून तिच्यावरून दोन घरांत अबोला वाढवला होता.

काल अप्पांचा फोन आला. डॉक्टरकडे जाऊन आले म्हणे, एकटेच, रिक्षाने. औषध सुरू केलंय.

"आणि तुझे बाबा विचारत होते," ते म्हणाले, "दिवाळीनंतर चिखलदऱ्याला जायचं का. त्यांचा फारच आग्रह दिसतोय."

बाबांना मी नंतर विचारलं. त्यांनी असं काही विचारलेलं नव्हतं. मी दोघांच्याही वतीने हो म्हणून टाकलं.