तेरणेकाठचा कुरव

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. कळंबला माझा फोटो स्टुडिओ होता; ज्याचा जन्म डार्करूममध्ये गेला तो अंधाराला काय भिणार? तेव्हा हे वाचून कुणी मला ताईत सुचवू नये. फक्त एक फोटो असा कसा आला, तेवढं सांगावं...

गोष्ट साठ सालच्या आसपासची. माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, मूळ तेरचे, पण कोकणात एका लाँचवर मेकॅनिक होते. मी त्यांच्याकडे जायचो ते कुरव टिपायला. दाजी डबा उघडला की पहिला घास हवेत फेकायचे आणि हे पांढरे समुद्रपक्षी त्यावर झेपावायचे. उडता पक्षी टिपायचा तर कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायचा आणि फिरवता फिरवताच बटण दाबायचं. पक्षी स्पष्ट येतो, मागचं सगळं पुसट. माझा हात बसला तो तिथंच.

पुढं वादळात लाँच बुडाली. दाजी सापडले नाहीत. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे, पण अक्काच्या सासऱ्यांना धीर नव्हता. त्यांनी दर्भाचा पुतळा जाळून दिवस घातले. अक्का कुंकू पुसेना. शेवटी ठरलं – दहाव्याला तेरणेकाठी पिंडाला कावळा शिवला, की पुसायचं. तिनं मागाहून नाकबूल करू नये म्हणून सासऱ्यांनी मला फोटो काढायला बसवलं. सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसायचा पुरावा मी द्यायचा! लई संताप आला, पण तिनंच खुणावलं, बस.

ऊन चढलं. कावळे बाभळीवर होते, खाली उतरेनात. अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिववतात. गुरुजी तो करायला लागले. तेवढ्यात नदीवरून एक कुरव आला. हिवाळ्यात चुकूनमाकून येतात म्हणे इकडं... येत असतील. त्यानं पिंड उचलला. मी कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला आणि बटण दाबलं.

गुरुजी दर्भाचा कावळा धरून उभेच. शिवायला पिंड कुठं होता? सासरे दुसरा भात लावा म्हणाले, तशी अक्का उठली.

"मामंजी, कावळा शिवला न्हाय. ह्यांचा घास ह्यांनी नेला. आता कुंकवाला कुणी हात लावायचा न्हाय."

मी रोल धुतला. त्या फोटोत माणसं, बाभळी, नदी, सगळं पुसट आहे, म्हणजे कॅमेरा कशाच्या तरी मागं फिरला होता. मधोमध पिंड, हवेत, शितं मोजावीत इतका स्पष्ट. पक्षी नाही. पंखसुद्धा नाही. नेम चुकला म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग पिंड कुणी धरलाय?

सासऱ्यांनी फोटो बघितला. मग म्हणाले, "आत्मा जेवून गेला, पोरी. गेलेल्यालाच अशी भूक लागती. पूस आता."

अक्का म्हणाली, "जित्याला लागत न्हाय व्हय?"

दाजी आले नाहीत. अक्का गेली ती कुंकवासकट. फोटो माझ्याजवळ आहे आणि उत्तर नाही. कुणाकडं असेल तर खुशाल यावं, चहा पाजीन. पण तो आत्माच होता, एवढंच सांगायचं असेल तर येऊ नका. अक्कानं ते ऐकून घेतलं नाही, मीही घेणार नाही.