निळ्या कोटाचं माप

माझे बाबा शिंपी. बायकांचे कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हट्टीपणातही नव्हता. आम्ही ख्रिस्ती, पण बाबा नाताळ पाळत नसत. "सगळे दिवस देवाचेच. एकालाच का डोक्यावर घ्यायचं? ख्रिस्ताने मला मोकळं केलंय," असं ते कात्री चालवता चालवता सांगत. त्यावरून चर्चच्या पाळकांशी वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी पाळकांनीच हात टेकले. "तुमच्या मनाला पटत नसेल तर नका पाळू," म्हणाले. त्या दिवशी बाबा लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

नाताळाला आमचं दुकान उघडं. सणासाठी कोणी कपडे टाकले तर बाबा तारीख सणानंतरचीच देत. गिऱ्हाइकं बोटं मोडत, पण शिवण अशी की पुन्हा येत. आई त्या दिवशी नेहमीसारखी भाजी चिरत बसे. तिलाही तसंच पटतंय असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. आता लाज वाटते.

त्या डिसेंबरात शेजारच्या नर्सबाई निळं लोकरी कापड आणि मापाचा कागद घेऊन आल्या. "बहिणीसाठी कोट हवाय. चोवीस तारखेपर्यंत द्याच."

बाबांनी सवयीने सत्तावीस सांगितली. नर्सबाईंनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. बाबा बधले नाहीत.

मी काजं करत बसले होते. बाबांनी कापड पसरलं, कागद वाचला आणि त्यांचा खडू हातातच राहिला. "डावा खांदा अर्धा इंच उतरता," ते पुटपुटले. "अगं, हे तर तुझ्या आईचं माप."

शिंप्याला बायकोचं माप ओळखता येणार नाही, असं या दोघींना वाटलंच कसं! मला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा पाहिला आणि मी पुन्हा काजात सुई घातली.

"कोट हवा होता तर मला का नाही सांगितलं तिने?"

"चोवीसपर्यंत हवा होता म्हणून." मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. "तिला चर्चला जायचंय, बाबा. आणि तुम्हाला घाबरते ती."

"मी कधी जाऊ नको म्हटलंय?"

"कधी जा म्हटलंय?"

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा लावली. जेवण जाईना. "सणासाठी शिवला तर मी माझ्या मनाशी खोटा. नाही शिवला तर तिच्या मनावर पाय देऊन उभा," एकदा मशीन थांबवून म्हणाले. मला काय कळणार! तिकडे आई नर्सबाईंच्या दारी खेपा घालत होती आणि मला पाहिलं की विषय बदलत होती. दोघांचं माहीत असून गप्प बसायचं, जीव नुसता टांगणीला लागला होता.

चोवीसला दुपारी बाबा कोट घेऊन स्वतःच घरी आले. आईने कोट पाहिला आणि ती पांढरीफटक पडली.

"मी काही जाणार नव्हते हो. सहजच आपलं... नर्सबाईच म्हणाल्या..." चोरी पकडलेल्या पोरीसारखी ती एकावर एक सबबी सांगू लागली. मला ते बघवेना.

"घालून बघ," बाबा म्हणाले. त्यांनीच बाह्या धरल्या. खांदा अगदी बरोबर बसला होता. "उद्या मी दुकानातच असेन. मला तेच पटतं. तू जा."

"पण तुम्हाला चालेल ना?"

'चालेल' म्हणायला बाबांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ते खाली बसले.

"मला नको विचारूस," ते म्हणाले. "नाताळ सोडताना मी कोणाला विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानाच्या किल्ल्या शोधत असताना आई निघाली. दारात सवयीने मागे वळली, ओठ हलले. मग काही न विचारताच जिना उतरून गेली.