मन आलं, देह मागे राहिला

शुक्रवारची नमाज आटोपली की आमच्या इमारतीच्या जिन्यात ऊदाचा धूप दरवळू लागतो. शेजारच्या घरातली बाई धूपपात्र घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत असते, आणि तो उबदार, किंचित तुरट गंध दाराच्या फटीतून आमच्याकडेही येतो. बाहेर दोहाचं ऊन रणरणत असतं, सारं शहर पडदे ओढून पहुडलेलं असतं. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मधलं एक अख्खं वर्ष हा गंध मला जाणवतच नव्हता! नैराश्याने माझी सारी इंद्रियं मिटवून टाकली होती.

मग डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि हळूहळू मी माणसांत आले. फोडणी देताना गुणगुणू लागले, लेकीच्या इंग्रजी विनोदांना मराठीतून दाद देऊ लागले. त्या इवल्याशा गोळीचे उपकार मी कसे विसरेन? पण देता देता तिने एक गोष्ट हिरावूनही नेली. अविनाशचा, माझ्या नवऱ्याचा, हात खांद्यावर पडला की माया दाटून यायची, ओढ मात्र जागी व्हायची नाही. देह आपला ढिम्म! पुढे अपेक्षा वाढेल या धास्तीने मी त्याच्याजवळ नुसतं बसायचंही टाळू लागले. कांद्याच्या भावापासून जगाच्या राजकारणापर्यंत तावातावाने भांडणारी आम्ही दोघं नाशिककर माणसं, या एका विषयावर मात्र मुकी.

आखातात आम्हा मराठी मंडळींचा एक हमखास इलाज असतो. काहीही बिनसलं की गावी जाऊन यायचं. अविनाशने मला न विचारता माझं तिकीट काढलं. "आईकडे राहून ये जरा, बरं वाटेल," म्हणाला. त्याला वाटलं, मला माहेर आठवतंय. मला वाटलं, याला मी नकोशी झाले. जेवता जेवता माझा बांध फुटला. "मला माहेर नकोय रे! हे त्या गोळीमुळे होतंय. मला जवळ यावंसंच वाटत नाही. सोडून देते मी ती!" त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि तिथूनच डॉक्टरांची वेळ घेतली.

आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्या केरळच्या. "ये तो बहुत लोगों को होता है," त्या हसून म्हणाल्या, "लेकिन अपने आप बंद मत करना, हाँ?" मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, काही काळ तीच गोळी चालू ठेवून वाटही पाहता येते, हे त्यांनी शांतपणे समजावलं. बदल करताना मन पुन्हा खचू शकतं, हेही लपवलं नाही. आम्ही हळूहळू औषध बदलायचं ठरवलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आणि मी परत तशीच झाले तर?"

"तर खलास, विषय संपला, हीच गोळी पुन्हा सुरू," अविनाश म्हणाला. मग समोर बघतच म्हणाला, "तू नुसती हसलीस तरी मला पुरे, असं खोटं नाही सांगत मी. तू मला सगळीच हवी आहेस. पण आधी हसणारी हवीस."

मोठमोठ्या त्यागाच्या गोष्टी ऐकून मी कधीच विरघळले नाही. मला हवं आहे आणि तरीही मी थांबेन, असं सरळ सांगणारा हा माणूस मात्र माझा होता! किती महिन्यांनी मी आपण होऊन त्याचा हात हातात घेतला, आणि पुढे काय याची मला मुळीच भीती वाटली नाही.