हरकत नाही

चुलत बहिणीच्या दाव्याचा निकाल लागला, तेव्हा तिने दिलेला पेढा मी खाल्ला. खोटं कशाला लिहू, जळलोच.

आमच्या बागा लागून. दोघांचेही दावे बागेत जायच्या वाटेचे, आणि आमचा आधीचा. शेजाऱ्याने जांभ्या दगडांचा गडगा रचून वाट बंद केली म्हणून बाबा रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात गेले. सुनावणी सुरू झाली की एका बाजूला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नकोत, युक्तिवाद संपला की महिनाभरात निकाल हवा, असं कायदा म्हणतो. म्हणतो खरा, पाळतो कोण? यावर पत्रक काढलं मी. एसटी स्टँडवर उन्हात वाटलं मी. बहिणीने त्यातलंच एक नेलं, आणि समोरच्याने चौथ्यांदा मुदत मागितली तेव्हा वकिलाच्या आधी उठून म्हणाली, "हरकत आहे साहेब." मुदत नाकारली, दावा चालला, वाट मोकळी.

आमच्या तारखेला मी बाबांकडून तेच शब्द घोकून घेतले. शेजाऱ्याच्या वकिलाने साक्षीदार आजारी असल्याचं सांगून मुदत मागितली.

"तीन झाल्या की तुमच्या," साहेब वैतागून म्हणाले आणि बाबांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

मागच्या बाकावरून शेजारी हळूच बोलला, "दादा, सांभाळून घ्या."

बाबा उभे राहिले. हात जोडले. घरी आलेल्याच्या हातून कप फुटला तर जे म्हणतात, तेच त्यांच्या तोंडून निघालं. "हरकत नाही."

तारीख पडली मेच्या सुट्टीनंतरची. तोवर आंबा संपलेला असणार.

बाहेर आल्यावर मी बाबांवर उखडलो. "काय ठरलं होतं आपलं?"

"अरे, रोज तोंड बघायचं त्याचं."

"मग तिने नाही बघायचं तिच्या शेजाऱ्याचं?"

"तिला जमतं," बाबा म्हणाले आणि चपला घालू लागले.

ते 'जमतं' मला दिवसभर टोचत राहिलं.

फळ तयार झालं तेव्हा बहीण स्वतःच आली. "पेट्या माझ्या वाटेने काढा. आणि तू रे, तोंड कसलं पाडलंयस? पत्रक तर झकास लिहितोस."

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण झाडावर आंबा थांबत नाही. पहिली पेटी मी खांद्यावर घेतली. ती पुढे चालत होती.

"कडेने चाल," मागे न बघता म्हणाली. "मधे नवीन माती टाकलीय मी."

मी कडेने चाललो. वाट तिची होती.