उजव्या हाताची मूठ

आमचे हे औषधांच्या दुकानात गोळ्या द्यायचे आणि रविवारी क्लबात पिस्तूल चालवायचे. दोन्ही कामांत तोंड उघडावं लागत नाही, म्हणून दोन्ही त्यांना मनापासून आवडायची. घरातलं बोलायचं खातं माझ्याकडे. लग्न ठरलं तेव्हा पिस्तूल म्हटल्यावर माझी आई हबकली होती. पण ते पिस्तूल हवेच्या दाबावर चालणारं, स्पर्धेतलं. कागदाला भोक पाडण्यापलीकडे त्याने कधी कुणाचं काही वाकडं केलं नाही. आमच्या ह्यांनी तर बक्षिसांनाही कधी धक्का लावला नाही.

तरी त्या पिस्तुलात त्यांचा जीव होता. त्याची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, त्यांच्या उजव्या तळव्यावर बेतून कोरलेली. अंगठ्याला खोबण, तळव्याच्या खळग्यात बसेल असा फुगवटा, खाली हात टेकायला कड. एकदा मी रागाच्या भरात ते कपाटातून उचललं, तर माझ्या हातात धड राहीना.

"ते मला ओळखतं," हे म्हणाले.

"मग जेवायलाही त्यालाच वाढायला सांगा," मी म्हटलं.

आमची लेक डावरी. लिहिते डाव्या हाताने, दार आपटते तेही डाव्या हाताने. बापाच्या मागे मागे क्लबात जाऊन तीही नेम धरायला लागली. क्लबाच्या पिस्तुलाची मूठ सपाट असते, कुणाच्याही हातात कशीबशी मावणारी. त्यावरसुद्धा ती बापाला मागे टाकायला लागली. हे मला ह्यांनीच सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा, की जणू मीच कबूल करत नव्हते.

मग ह्यांची नजर गेली. सगळी नाही. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तिथेच करडा डाग. डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं. एका बाईला भलत्याच गोळ्या देता देता राहिले, त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "उद्यापासून जात नाही." पिस्तूलही सुटलं. त्यानंतर त्यांचं एकच मागणं उरलं. आपलं पिस्तूल पोरीच्या हातात चालावं. बाकी कशाबद्दल ते बोलेनातच.

पण उजव्या हाताची मूठ डाव्या हातात बसत नाही. तळव्यात जिथे खळगा हवा तिथे फुगवटा येतो. आणि ते पिस्तूल इतकं जुनं, की त्याला डाव्या हाताची मूठ शोधून मिळेना. क्लबाचे सर पोरीला म्हणाले, "संघाची निवड जवळ आली. आता स्वतःचं, डाव्या हाताचं घे." ह्यांनी मान डोलावली. पैसे आहेत, घेऊ या म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत बसून कानस चालवायला लागले. मी बाहेर येऊन बघते तर मांडीवर मूठ, सगळीकडे लाकडाचा भुसा. उजव्या बाजूचं लाकूड कापून काढायचे, डाव्या बाजूला लांबीचा लगदा भरायचे, बोटांनी चाचपायचे, पुन्हा घासायचे.

"अहो, काय चाललंय हे? चांगल्या वस्तूचा सत्यानाश," मी ओरडले.

"तिच्या हाताचं माप माझ्या हातात आहे," एवढंच म्हणाले. लहानपणी रस्ता ओलांडताना तिचा तोच डावा हात त्यांच्या हातात असायचा.

पिस्तुलांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. ह्यांनी आपलं पिस्तूल पेटीतून बरोबर घेतलेलंच. दुकानदार समजूतदार होता. डाव्या हाताची पिस्तुलं त्याने काचेवर मांडली आणि म्हणाला, "रंग बघू नका, नाव बघू नका. डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. नळीच्या टोकावरचा उंचवटा मागच्या खाचेच्या मधोमध आपसूक दिसला, तर ते तुमचं."

पहिली दोन काही जमली नाहीत. तिसरं उचलून तिने डोळे उघडले आणि हसली. मनगट सरळ, खांदा सैल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरगी हलकी झालेली कळली.

"आता हे बघ," हे म्हणाले, आणि आपलं पुढे केलं.

तिने डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. मी तिच्या मागेच उभी होते. नेम जुळवायला तिचं मनगट हळूच आत वळलं, मग आणखी वळलं.

"बसलं का गं?" ह्यांनी विचारलं. डोळे तिच्याकडे, पण दिसत होती ती कडेची भिंत.

"बसलं, बाबा."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. नवं न घेताच परतलो, आणि त्या दिवशी हे घरी येईपर्यंत बोलत होते. लग्न झाल्यापासून इतकं बोललेले मला आठवत नाहीत.

बापाचंच पिस्तूल चालवते म्हणून क्लबाच्या सरांनी तिची खूप हजेरी घेतली. ती ऐकेना. निवडीच्या दिवशी बघणाऱ्यांच्या रांगेत हे माझ्या शेजारी बसले, कान टवकारून. पडद्यावर प्रत्येक गोळीचा ठिपका उमटत होता, आणि एकजात सगळे एकाच बाजूला.

"कुठे लागतायत?"

"बघतेय," मी म्हटलं.

"अगं, मधे ना?"

तोंडाचा पट्टा चालवणारी बाई मी, मूग गिळून बसले. शेवटी नावं पुकारली. त्यात तिचं नव्हतं. हे तरीही थांबून राहिले, सगळे उठून गेले तरी, कदाचित आणखी एखादं नाव असेल म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि तिचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी कातडं सोललं होतं. मनगटावर बोट ठेवलं तशी ती कळवळली. बराच वेळ त्यांची बोटं त्या सुजेवर फिरत राहिली.

"दुकानातच बसलं नव्हतं ना?"

तिने हात सोडवून घ्यायला पाहिलं.

"ते नवं घेऊन या," ते म्हणाले. "तिसरं उचललं होतंस ते. तेव्हा तुझा श्वास सुटलेला ऐकला होता मी. ऐकून न ऐकल्यासारखं केलं."

"पण बाबा, मग तुमचं पिस्तूल?"

"माझ्याकडे राहील."

त्यांनी ते मागून घेतलं आणि नेहमीसारखं उजव्या हातात धरलं. अंगठा खोबण शोधायला लागला. तळवा पुढे सरकला, मागे आला. दुसऱ्या हाताने त्यांनी मूठ फिरवून पाहिली, पुन्हा धरली. नळी बाजूला कलंडली.

"माझाही हात बसत नाही यात," ते म्हणाले.

पोरगी हमसून हमसून रडायला लागली. "रडू नकोस," ते म्हणाले, "मनगटाला मलम लाव आधी." मी ते पिस्तूल त्यांच्याकडून घ्यायला गेले. बोटं जमेल तशी त्या मुठीभोवती आवळलेली होती, आणि काही केल्या ते सोडेनात.