दुसऱ्याच्या लेकीची पत्रं

माझ्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं झालं. त्यातलं बरंचसं आता विसरलोय. पण कोल्हापुरात इंटरनेट नवं नवं आलं होतं, त्या वर्षांतली एका निवृत्त शिक्षिकेची तक्रार मात्र तारखेसकट डोक्यात बसली आहे. रक्त सांडलं नव्हतं, कुलूप फुटलं नव्हतं. तरीही ती घटना आठवली की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

त्या वेळी मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपवून स्टेशन डायरी बघत बसलो होतो. ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, एक बाई आल्यात. बोलत्यात व्यवस्थित, पण आपलं काय त्यांना ऐकू येत न्हाई."

बाई पासष्टीच्या आसपासच्या. स्वच्छ सुती साडी, हातात कापडी पिशवी. गारगोटीकडच्या शाळेत आयुष्य घालवून निवृत्तीनंतर राजारामपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. यजमान वारले होते. एकुलती लेक लग्न होऊन अमेरिकेत. निवृत्तीनंतर दोन्ही कान गेले होते आणि यंत्र लावूनही नुसता गोंगाटच ऐकू यायचा. त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. मी प्रश्न कागदावर लिहायचो, त्या वाचून तोंडी उत्तर द्यायच्या.

लेकीशी त्यांचं जे काही बोलणं होतं ते ई-मेलवर. जवळच्या नेट कॅफेच्या मालकिणीने त्यांना खातं उघडून दिलं होतं, टायपिंग शिकवलं होतं. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी अकराला बाई तिथे जायच्या. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. लेक गरोदर असल्याचं त्यांना त्या पत्रांतूनच कळलं होतं.

मग एका सोमवारी खातं उघडेना. पासवर्ड चुकीचा, असं यंत्र सांगू लागलं. बाईंना वाटलं आपलाच विसरभोळेपणा. मालकिणीने नवीन खातं काढून दिलं. त्यावरून त्यांनी लेकीला चार पत्रं लिहिली. एकालाही उत्तर आलं नाही.

"मला वाटलं, तिला त्रास होत असेल, वेळ नसेल. रोज जिन्यात पावलं वाजली की पोस्टमन असेल वाटायचं," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच थांबल्या. पावलं त्यांना ऐकू येत नव्हतीच. जिन्याकडे बघत बसायच्या, एवढाच त्याचा अर्थ.

तीन महिन्यांनी टपालाने लेकीचं पाकीट आलं. बाईंनी ते माझ्यापुढे ठेवलं. लेकीने लिहिलं होतं, 'आई, मुलगी होऊन महिना झाला. मी एवढ्या वेळा बोलावलं, कागदपत्रांची तयारी केली आणि तू इतकं तोडून नाही म्हणालीस. तुझीच पत्रं छापून पाठवते आहे. एकदा वाचून बघ.' सोबत अकरा छापील पत्रं. सगळी बाईंच्या जुन्या खात्यावरून गेलेली. 'मला कोल्हापूर सोडवणार नाही.' 'तू येऊ नकोस, मी बरी आहे.' आणि एकात, 'माझ्या नावाने नव्या पत्त्यावरून कोणी लिहिलं तर उत्तर देऊ नकोस, ती फसवणूक आहे.'

"यातलं एक अक्षर माझं नाही," बाई म्हणाल्या. "साहेब, माझी नात महिन्याची झाली, आणि मला ठाऊक नव्हतं."

मी कागदावर लिहिलं, 'पासवर्ड काय होता?'

"लेकीचं घरातलं लाडाचं नाव."

प्रत्येक पत्राच्या शेवटी लेक त्याच नावाने सही करत होती.

त्या काळी जिल्ह्यात सायबर शाखा नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असा नियम होता. मी फिर्याद नोंदवून उपअधीक्षक साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "कागद माझ्या सहीने जातील. माणूस तुम्ही शोधा." मला स्वतःला तेव्हा ई-मेल पाठवता येत नव्हता. पण माणूस शोधायची रीत यंत्र आलं म्हणून बदलत नाही. कोण, कुठे, किती वाजता, एवढंच विचारायचं असतं.

छापील पत्रांवर वेळ होती, पण अमेरिकेची. बाईंनीच बोटांवर मोजून आपली वेळ काढून दिली. लेकीच्या घरी आत्ता किती वाजले असतील हा हिशोब त्या रोजच करत असणार. सगळी पत्रं दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान गेली होती. मी नेट कॅफेचं गिऱ्हाइकांचं रजिस्टर पंचांसमक्ष जप्त केलं. अकरापैकी दहा वेळा त्या तासाला एकच सही होती. वळणदार, सरकारी कारकुनाची सही.

मालकिणीला विचारलं, "हे कोण?"

"हे व्हय? लई चांगला माणूस, साहेब. पन्हाळ्याला तालुका कचेरीत होते, आता रिटायर. रोज दुपारी येत्यात. लेक अमेरिकेत हाय त्यांची. पत्र आलं की मला वाचून दाखवत्यात. मागच्या महिन्यात नात झाली म्हणून पेढे वाटले की सगळ्यांस्नी!"

माझा हवालदार माझ्याकडे बघू लागला. त्याला मी त्या गृहस्थांच्या गल्लीत पाठवलं. तासाभराने तो परत आला. "साहेब, त्यांना लेक न्हाई. मूलबाळच न्हाई. बायको जाऊन बारा वर्षं झाली. शेजारी म्हणत्यात, त्यांच्या दारात कोण आलेलं बघितलंच न्हाई."

दुपारी साडेतीनला आम्ही नेट कॅफेत गेलो. ते नेहमीच्या जागी बसले होते. पडद्यावर बाईंचं खातं उघडं होतं. मला बघून ते उठले, चष्मा काढून खिशात ठेवला. "चला," एवढंच म्हणाले.

चौकशीत आवाज चढवावा लागला नाही. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "सुरुवात कशी झाली?"

"साहेब, एकदा सकाळच्याला गेलतो. बाई उठून गेलत्या, त्यांच्या जागेवर मी बसलो. पान उघडंच होतं. वाचायचं न्हवतं मला. पण वरचीच ओळ दिसली. 'आई, जेवलीस का?' मला असं कुणी विचारून लई वर्षं झालती. मग सगळं वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावं वाटलं. लेकीचं नाव टाकून बघितलं, तर उघडलं."

"वाचत होता तोवर ठीक. पासवर्ड का बदलला?"

"तिनं लिवलं, आई तू इकडंच ये कायमची. बाई गेल्या असत्या तर पत्रं बंद झाली असती."

"आणि त्या बाईंचं काय?"

त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. नंतर म्हणाले, "पैसा एक घेतला न्हाई, साहेब." गुन्हेगाराला आपला गुन्हा नेहमी दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यापेक्षा लहान वाटतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. पण या माणसाला खरंच कळत नव्हतं की त्याने काय नेलं.

ओळख आणि पुरवणी जबाबासाठी बाईंना बोलावलं. दोघांची समोरासमोर गाठ तेव्हाच पडली. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. मग पिशवीतून लेकीचं पत्र काढून एका ओळीवर बोट ठेवलं. 'बाळाचं नाव तू सुचवलंस तेच ठेवलं आहे.'

"हे नाव कुणाचं?" बाईंनी विचारलं.

मी कागद आणि पेन त्या गृहस्थांपुढे सरकवलं. त्या सुंदर कारकुनी अक्षरात त्यांनी लिहिलं, 'माझ्या बायकोचं.'

बाईंनी ते वाचलं. हवालदार दाराशी उभा राहून जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, बाई आता तक्रार मागे घेतील, नाहीतर त्या माणसाच्या अंगावर धावून जातील. दोन्ही प्रकार मी ठाण्यात पाहिलेले होते.

"नाव राहू दे," बाई म्हणाल्या. "पोरीला त्या नावाने हाका मारायला लागलेत. तिचा काय दोष?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जबाब वाचून बघितला. बरोबर आहे. सही कुठे करू?"

त्यांनी सही केली, पिशवी उचलली आणि मागे न बघता गेल्या.

त्या संध्याकाळी आम्ही जुनं खातं बाईंच्या ताब्यात दिलं. नवा पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला, तेव्हा आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहिलो. पाच-सहा महिन्यांनी त्या लेकीकडे गेल्या. दोषारोपपत्र दाखल झालं. त्या गृहस्थांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. जामिनाला उभं राहायला त्यांच्याकडे माणूस नव्हता, तेव्हा शेवटी नेट कॅफेची मालकीणच उभी राहिली होती.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात ते माझ्याजवळ आले. "साहेब, पोरगी बरी हाय न्हवं?"

"ते विचारायचा तुम्हाला काही अधिकार नाही," मी म्हणालो.

उत्तर बरोबरच होतं. पण ते देऊन मी जीपमध्ये बसलो, आणि चालकाला गाडी सुरू कर म्हणून सांगायला बराच वेळ लागला.

पुढे कॉलेजांत व्याख्यानाला बोलावत तेव्हा मी हेच सांगत आलो. काम झालं की खातं बंद करून उठा. घरच्यांचं नाव पासवर्ड म्हणून ठेवू नका. उत्तर येईनासं झालं तर दुसऱ्या वाटेने विचारा, गप्प बसू नका. मुलं लिहून घ्यायची. त्या माणसाबद्दल मात्र मी कधी बोललो नाही. चोर लोभी असतो असं धरूनच मी तीस वर्षं कुलपं-कड्या तपासल्या. एखाद्याच्या घरात शिरून कोणी फक्त त्याच्या ताटावर बसू पाहील, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्याची मला कीव आली, आजही येते. आणि तरीही तो दिवस पुन्हा आला तर मी त्याला अटकच करीन. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असू शकतात, हे मी त्या प्रकरणात शिकलो. आता घरात मी एकटा असतो, त्यामुळे त्यातलं पहिलं वाक्य मला जरा जास्तच कळू लागलं आहे.