सरासरी माणसाचं माप

माझी वहिनी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की नणंदेनं चहाडी केली. गल्लीत तिला सगळे 'टेप' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओसुद्धा देते. जिन्याखालच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, समोर उंच स्टूल, भिंतीला आरसा, आणि गळ्यात सदानकदा ती पिवळी टेप. नवे कपडे ती शिवत नाही. लोकांनी दुकानातून आणलेले तयार कपडे त्यांच्या अंगाला बसवून देते. बाही दोन बोटं आखूड कर, कंबर सैल कर, पँटची उंची कमी कर. तीस वर्षं हेच चाललंय.

घरात आम्ही तिघं. ती, तिचा नवरा म्हणजे माझा दादा, आणि मी. मी शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आता निवृत्त होऊन या दोघांच्या डोक्यावर मिऱ्या वाटतेय. राग माझ्या नाकावर असतो म्हणतात. असतो.

दादा बस चालवायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढतो, डाव्या हातात चार पायांची काठी. आठवड्यातून तीन दिवस व्यायामाच्या दवाखान्यात जातो आणि एकटा जातो. दारापासून बस स्टॉप साठ पावलांवर, म्हणून जमतं. कोणी सोबत येतो म्हटलं की याचं डोकं फिरलंच. झटक्यानंतर आठ महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. ज्या दिवशी पहिल्यांदा एकटा बसमध्ये चढला, त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवला आणि माझ्याशी भांडला. वहिनी मोरीत जाऊन रडून आली. त्या साठ पावलांवर आमचं घर उभं होतं असं म्हटलं तरी चालेल.

तर नगर कार्यालयानं आमचा रस्ता नव्यानं आखायला घेतला. रहिवाशांनाही विचारायचं ठरलं होतं. एका सकाळी कोपऱ्यावर एक तरुण मुलगी टॅबलेट घेऊन उभी राहिली. मी तिला नकाशावाली म्हणायचे, आता तर तीच स्वतःला म्हणते. टॅबलेट रस्त्याकडे धरला की समोरचाच रस्ता त्यात दिसायचा, पण नवा. खड्डे गायब, झाडं मोठी झालेली, बाकं आलेली, आणि फर्निचरच्या दुकानासमोरचा आमचा स्टॉप नाहीसा! दोन स्टॉप मिळून एकच करणार होते, पुढे पेट्रोल पंपाजवळ.

दादानं टॅबलेट हातात घेतला आणि लहान मुलासारखा इकडेतिकडे फिरवायला लागला. एक चित्रातली बस सुसाट निघून गेली.

"वा! मी बावीस वर्षं बोंबलत होतो, हातभर अंतरावर स्टॉप ठेवू नका म्हणून. ब्रेक मारून मारून पाय दुखायचे."

"काका, नवा स्टॉप तुमच्यापासून पाच मिनिटांवर पडेल," मुलगी म्हणाली.

"पाच मिनिटं म्हणजे काय गं! कुठे सही करू?"

सही नव्हती, पसंतीसाठी पडद्यावर बोट टेकवायचं होतं. यानं डाव्या हाताचं बोट टेकवलं. झालं! आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तिथेच तोंड सोडणार होते, पण वहिनीनं माझा दंड धरला. ती टॅबलेटमध्ये डोकावून बघत होती.

"यात चालणारी माणसं सगळी पंचविशीतली आहेत," ती म्हणाली. "आणि एकाच्याही हातात पिशवी नाही."

घरी आल्यावर ती दादाला काहीच बोलली नाही. मला मात्र स्वयंपाकघरात गाठलं. "वन्सं, बुधवारी हे पेट्रोल पंपापर्यंत चालून बघणार आहेत. मला म्हणाले नाहीत, पण बूट पुसून ठेवलेत. तुम्ही मागून जा. घड्याळ घेऊन."

या वयात मी सख्ख्या भावावर पाळत ठेवली. भाजीच्या हातगाडीआडून, मग औषधाच्या दुकानाच्या पाटीआडून, आणि एकदा एका अनोळखी बाईच्या छत्रीमागून. त्या बाईनं माझ्याकडे असं बघितलं की बस्स! दादा शंभरेक पावलं बरा गेला. मग थांबला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नाहीत, पट्ट्या आहेत. पुढे एका दुकानाच्या पायरीवर बसला, बघणाऱ्याला वाटावं कोणाची तरी वाट बघतोय. उठताना दोनदा परत बसला. पंपाजवळ पोचला तेव्हा माझ्या घड्याळात चौदा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते आणि त्याची बस केव्हाच गेली होती. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला दिसत होता. मला हाक मारावीशी वाटली आणि मारता आली नाही.

वहिनीनं विचारलं, "किती?"

"नऊ," मी म्हणाले. का म्हणाले, ते तेव्हा माझं मलाच नीट कळलं नाही. तोंडातून चौदा निघेना.

नऊ तर नऊ. नऊसुद्धा पाच नव्हे, म्हणून ती दुसऱ्या दिवशी मला घेऊन नगर कार्यालयात गेली. तिथल्या सभागृहात ते टेबल होतं. पांढरं, चार पलंग जोडावेत एवढं. वरून उजेड पडायचा आणि त्या उजेडात आमचा अख्खा भाग टेबलावर उमटायचा. गल्ल्या, छपरं, सगळं. वर लाकडी ठोकळे ठेवलेले, निळे ठोकळे म्हणजे बस स्टॉप. ठोकळा उचलून दुसरीकडे ठेवला की टेबल दोन क्षण विचार करायचं आणि रंग बदलायचं. हिरवा म्हणजे पाच मिनिटांत स्टॉप गाठता येतो, पिवळा दहा, लाल त्याच्या पलीकडे. कोणीही यावं आणि ठोकळे हलवून बघावं, अशी सोय.

वहिनीनं आमचा निळा ठोकळा उचलून पंपाजवळ ठेवला. आमची गल्ली हिरवीच राहिली.

"हे कोणाच्या चालीनं मोजतं?" तिनं विचारलं.

"सरासरी माणसाच्या, काकू," नकाशावाली म्हणाली. "मिनिटाला ऐंशी मीटर."

"कोण हा? तीस वर्षांत माझ्या दुकानात एकदाही आला नाही. तयार कपडे त्याच्याच मापानं शिवतात, म्हणून तर उरलेली सगळी माणसं माझ्याकडे येतात."

मुलगी हसली, पण उडवून लावल्यासारखी नाही. म्हणाली, "तो आकडा बदलता येतो. पण नुसतं तोंडानं सांगून नाही चालणार. मोजमाप लागेल. आणि पुढच्या शनिवारी निर्णयाची बैठक आहे."

"मोजमापच करते मी," वहिनी म्हणाली.

मग आठ दिवस या बाईनं माझा जीव खाल्ला. तिची टेप दीड मीटरची. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर आम्ही त्या टेपनं मोजलं, सत्तावीस वेळा टेप टाकून, खडूच्या खुणा करत, मी ओणवी, ती ओणवी. येणारेजाणारे विचारत होते, रस्त्याला ब्लाउज शिवताय का? साडेचाळीस मीटर भरलं. मग ती दुपारी तिथेच स्टूल टाकून बसली. जो येईल त्याला, "अहो, नेहमीसारखं चाला जरा," म्हणायची आणि मी घड्याळ बघायची. गिऱ्हाइकांच्या वहीत तिनं तीन रकाने आखले. कोण, हातात काय, किती सेकंद. सात महिन्यांची गरोदर शेजारीण, दोन्ही हातात पिशव्या. दोन मुलांची आई, एक कडेवर, एक रस्त्यात बसलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला दूधवाला. एक आजोबा तर मोजतोय म्हटल्यावर ऐटीत चालले आणि खांबाला टेकून धापा टाकत राहिले. वहिनीनं त्यांना पाणी देऊन पुन्हा चालवलं. अशी सत्तेचाळीस माणसं झाली. टेबलाच्या चालीनं चालणारी त्यांत अकरा, आणि त्यांतल्या चौघांना कामावर उशीर झालेला.

"दादाचं?" मी विचारलं.

"त्यांनी माप दिलेलं नाही. न सांगता घेतलेलं माप मी वहीत लिहीत नाही."

म्हणजे मला मागे पाठवल्याचं तिच्याही मनाला लागलं होतं. आणि मी अजून तो नऊचा आकडा दुरुस्त केला नव्हता.

शनिवारी दादा आमच्याबरोबर आला. म्हणाला, तुमची गंमत बघतो. सभागृहात तीसचाळीस माणसं टेबलाभोवती उभी. मुख्य साहेब आले होते, आणि फर्निचरवालाही होता. माणूस वाईट नाही, पण त्याच्या दुकानासमोर स्टॉप असल्यामुळे माल उतरवायचा टेम्पो उभा करता येत नाही, हे त्याचं जुनं दुखणं.

नकाशावालीनं वहिनीच्या वहीवरून काढलेला आकडा टेबलाला दिला. हिरवा रंग सगळीकडून मागे सरकला. आमची गल्ली पिवळी झाली, शाळेमागची वस्ती लाल. लोकांत कुजबूज सुरू झाली.

"साहेब, याला काय अर्थ आहे?" फर्निचरवाला म्हणाला. "वहीत काय, कोणीही काहीही लिहील. या गल्लीतून पंपापर्यंत जायला दहा मिनिटं कोणाला लागतात? एक माणूस दाखवा. इथले जुने ड्रायव्हरसाहेब स्वतः या बदलाच्या बाजूनं आहेत. त्यांनी पसंती दिलीय."

साहेबांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी टेपचं टोक बोटाला गुंडाळत मूग गिळून उभी. एक माणूस तिच्या शेजारीच उभा होता आणि तिनं त्याच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. मला असा संताप आला! फर्निचरवाल्याचा, दादाचा, त्या टेबलाचा, आणि सगळ्यांत जास्त माझा.

"माझं माप घ्या," दादा म्हणाला.

सगळे वळले. त्यानं काठी पुढे टाकली आणि टेबलाला धरून उभा राहिला. "मागच्या आठवड्यात बुधवारी मी चालून बघितलं. ही माझी बहीण माझ्या मागे होती. एवढी मोठी बाई भाजीच्या गाडीमागे मावते होय? घड्याळ हिच्याकडे होतं. सांग गं, किती?"

मी वहिनीकडे बघितलं. मग दादाकडे.

"खरं सांग," तो म्हणाला.

"चौदा मिनिटं चाळीस सेकंद," मी म्हणाले. "मध्ये दोनदा थांबून."

"तीनदा," दादा म्हणाला. "बेकरीच्या वळणावर तुला दिसलं नसेल. तिथे मी भिंतीला धरून होतो. पडणार होतो."

दादाचा चेहरा लाल झाला होता, पण त्यानं मान खाली घातली नाही. नकाशावालीकडे बघून म्हणाला, "बेटा, मी ते बोट टेकवलं होतं ना, ते काढून टाक. बस चालवणारा माणूस बोलला होता तो. आता मी चालणारा आहे. हा स्टॉप गेला तर मी घरी बसेन, आणि घरी बसलो की संपलो. हे मला बायकोपुढे बोलायचं नव्हतं."

वहिनीनं वही उघडली. "लिहू?" तिनं त्याला विचारलं.

"लिही."

तिनं पेन्सिलीनं अठ्ठेचाळिसावी ओळ लिहिली. कोण, या रकान्यात तिनं 'आमचे हे' असं लिहिलं. हातात काय, तर काठी. नकाशावालीनं तो आकडा टेबलाला दिला, आणि पंपाजवळच्या ठोकळ्याभोवतीचा हिरवा गोल ताटलीएवढा होऊन बसला. आमचं घर लाल दिसत होतं. साहेबांनी स्वतःच्या हातानं निळा ठोकळा उचलून परत आमच्या कोपऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, स्टॉप जागच्या जागी राहील, टेम्पोला मागच्या बोळातून जागा करून देऊ. शाळेमागच्या वस्तीसाठीही एक स्टॉप बघावा लागेल, असं त्यांनी लिहून घेतलं. फर्निचरवाला दादाजवळ आला आणि त्याच्या खांद्याला हात लावून निघून गेला.

आम्ही बसनं परत आलो. आमच्याच स्टॉपवर उतरलो. दादा पुढे, आम्ही दोघी मागे.

"मला नऊ सांगितलं होतंत," वहिनी हळूच म्हणाली.

"हो."

"का, वन्सं?"

"माझा भाऊ आहे तो. मला नाही सांगवलं."

"आणि माझा कोण आहे?" ती म्हणाली. रागानं नाही. डोळे भरून आले होते तिचे. मी तिचा हात धरला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

दादा आमच्या पुढे दहा पावलांवर होता. काठी, डावा पाय, मग उजवा. तो थांबला आणि अंग वळवून त्यानं आमच्याकडे बघितलं.

"मागे काय कुजबुजताय? पाय उचला की जरा दोघीजणी! तुमच्यासाठी किती थांबायचं माणसानं?"